सावंगीत थांबलेला हात

माझा धाकटा भाऊ बोलत नाही. कळतं त्याला बरंच. भाकर म्हटलं की ताटाजवळ जाऊन बसतो, आंघोळ म्हटलं की मोरीकडे जातो, घरात कुणी रडत असलं तर त्याच्याजवळ जाऊन नुसता उभा राहतो. पण तोंडातून शब्द कधी आला नाही. डॉक्टरांनी लहानपणीच स्वमग्नता म्हणून सांगितलं होतं. वर्ध्याजवळच्या आमच्या आंजी गावात लोक त्याला भोळा म्हणतात. त्यात कुणाचा वाईट हेतू नसतो.

त्याला सगळ्यात जास्त काय आवडत असेल तर बाबांच्या मोटरसायकलवर मागे बसणं. बाबा भाजीपाला पिकवतात. वांगी, भेंडी, गवार, आणि सांभार, म्हणजे तुमची कोथिंबीर. सकाळी गाडीला पोती बांधून वर्ध्याला जायचे, माल उतरवून परत यायचे आणि हातपाय धुण्याआधी भावाला मागे बसवून फाट्यापर्यंत एक चक्कर मारायचे. तो बाबांच्या पाठीला गाल टेकवून बसायचा आणि वाऱ्यात मोठ्याने हसायचा. बाबा स्वतःही फारसे बोलणारे नाहीत. त्या दोघांचं जे काही होतं ते त्या गाडीवर होतं.

मारून घेणं केव्हा सुरू झालं ते नेमकं सांगता येणार नाही. आईला आठवतं ते असं, की तो लहान असताना एकदा त्याचा कान ठणकत होता. कान दुखतोय हे सांगता येईना, म्हणून त्याने मुठीने स्वतःच्या गालफडावर मारायला सुरुवात केली. बाबा घाबरले. काहीच सुचेना तेव्हा त्यांनी गाडी काढली, त्याला बसवलं आणि फिरवून आणलं. तो शांत झाला. औषधाने कान बरा झाला, पण मूठ राहिली. गाडीवर बसावंसं वाटलं की तो मारून घ्यायचा. कधी बाबा जवळ असायचे, दोन-चार ठोसे बसले की गाडी निघायची. कधी गाडीवर पोती बांधलेली असायची, मग तो बराच वेळ मारत राहायचा आणि शेवटी बाबा पोती सोडायचे. कधी बाबा वावरात असायचे आणि दिवसभर काहीच मिळायचं नाही. आई त्याचे हात धरायची. तो विशीला आला, बाबांपेक्षा उंच झाला, तेव्हा आईच्याने ते हात धरवेनात.

मी तेव्हा वर्ध्याला लागून असलेल्या सावंगीला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये कामाला होते, अजूनही आहे. दोन खोल्या भाड्याने घेऊन राहते. एका रविवारी घरी गेले तर भावाचा डावा डोळा लालभडक, आणि भुवईखालचा भाग जांभळा झालेला. वर्ध्याच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासलं आणि बाबांना बाहेर बोलावून सांगितलं, असंच चालू राहिलं तर आतला पडदा सुटेल. घरी आल्यावर बाबा अंगणात गाडी उभी करून म्हणाले, "तू घेऊन जाय याले तुह्याजवळ. तिथं शिकलेले लोक हायेत."

दिवाळी झाल्यावर आई आणि भाऊ माझ्याकडे राहायला आले. बाबा शेतीसाठी मागे राहिले.

सावंगीत अशा मुलांसाठी एक बाई लहानसं केंद्र चालवत होत्या. त्या सोलापूरकडच्या, माझ्याहून थोड्याच मोठ्या. पहिले काही दिवस त्यांनी काहीच केलं नाही, नुसतं पाहिलं. मग मला विचारलं, "तो मारून घेतो, त्यानंतर काय होतं?"

मी म्हटलं, "सूज येते. कधी रक्त येतं."

"ते नाही. तुम्ही सगळे काय करता?"

मी गाडीचं सांगितलं. त्या मान हलवत राहिल्या. म्हणाल्या, "म्हणजे हे त्याचं मागणं आहे. दुसरं मागणं त्याला येत नाही. ते आधी शिकवू."

आणि त्यांनी शिकवलं. भावाचा हात धरून माझ्या खांद्यावर ठेवायच्या आणि त्याच क्षणी मी स्कूटी चालू करायची. केंद्राच्या मागच्या मोकळ्या जागेत एक चक्कर. परत हात, परत चक्कर. मारून घेतलं तर स्कूटी बंद, आम्ही मधे उशी धरायची, पण चक्कर नाही. त्याला कळायला फार दिवस लागले नाहीत. तो स्वतःहून येऊन माझ्या खांद्यावर हात ठेवू लागला. मी स्वयंपाक करत असले तरी गॅस बंद करायची आणि खाली उतरायची. बाईंनीच सांगितलं होतं, हात ठेवला की प्रत्येक वेळी द्यायचं, एकदाही नाही म्हणायचं नाही. माझ्या स्कूटीला त्या हिवाळ्यात कधी आराम मिळाला नाही.

संक्रांतीच्या सुमारास एकदा आई त्याला जेवू घालत होती. मधेच घास हातात धरून थांबली आणि त्याच्याकडे बघत बसली. मी विचारलं, "का झालं वं?"

"सूज उतरली पाह्य त्याची," ती म्हणाली. "हा त माह्या बापासारखा दिसते. मले आतालोक माहीतच नव्हतं."

त्यानंतर कितीतरी दिवस त्याने एकदाही मूठ उचलली नाही. केंद्रात नाही, माझ्या खोलीवर नाही, रस्त्यावर नाही. मी बाबांना फोनवर सांगायची. ते नुसतं "बरं हाये, बरं हाये" म्हणायचे, पण एकदा फोन ठेवायच्या आधी त्यांनी विचारलं, "मले ओळखन ना तो?"

होळीच्या आधी आम्ही त्याला घेऊन आंजीला गेलो. मी तीन दिवसांची सुट्टी काढली होती. बाबांना मी सगळं समजावून ठेवलं होतं, हात खांद्यावर ठेवला की लगेच गाडी काढायची. बाबांनी आदल्या दिवशी गाडी धुऊन ठेवली होती. आम्ही ऑटोतून उतरलो, भावाला फाटकातून बाबा दिसले, कडुनिंबाखाली गाडी दिसली, आणि तो हसत पुढे गेला. सरळ बाबांजवळ जाऊन त्याने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

बाबांचा चेहरा पाहवेना इतका उजळला. पण ते जागचे हलले नाहीत. मागच्या चाकाकडे बोट दाखवून मला म्हणाले, "पंक्चर हाये वं. सकाळी वावरातून येता येता काटा घुसला. चाक न्यायला पोट्टा पाठवतो म्हणे दुकानवाला, अजून आला नाई." मग भावाला म्हणाले, "थांब गा बापा. जराकसा थांब."

भावाने दुसऱ्यांदा हात ठेवला. तिसऱ्यांदा ठेवला, जरा जोरात. मग त्याने गाडीकडे पाहिलं, बाबांकडे पाहिलं, आणि मूठ उचलली.

मी पळत गेले तोवर चार-पाच ठोसे बसले होते. ते जुन्याहून जास्त जोराचे होते. इतक्या महिन्यांत नुसती जमा होऊन राहिलेली ताकद असावी तसे. आई ओरडली. शेजारची माणसं कुंपणाजवळ आली. बाबा एकदा त्याच्याकडे आणि एकदा पंक्चर चाकाकडे बघत होते, आणि मग ते शेजाऱ्याच्या अंगणात धावले, त्याची गाडी घेऊन आले, आणि मी नको नको म्हणत असताना त्याला मागे बसवून निघून गेले.

परत आले तेव्हा भाऊ हसत होता. डाव्या गालावर पुन्हा सूज चढायला लागली होती. आई सपरीत, म्हणजे पडवीत, भिंतीला टेकून बसली होती. तिने मला विचारलं, "एवढं चार महिने तिथं राह्यलो, ते का झालं मंग?"

दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्याही दिवशी. मी त्याला परत सावंगीला आणलं, आणि तिथे तो आल्या संध्याकाळी शांतपणे माझ्या खांद्यावर हात ठेवून उभा राहिला. जणू मधलं काही झालंच नव्हतं. मला त्या शांतपणाची मारण्याहून जास्त भीती वाटली.

मी बाईंकडे गेले आणि जरा चढ्या आवाजातच बोलले. त्यांनी ऐकून घेतलं. मग विचारलं, "तुमच्या गावात हापशी आहे?"

"आहे ना."

"एक हापशी अशी समजा, की दांडा मारला की पाणी येतंच. एक दिवस आलं नाही, तर तुम्ही किती वेळ मारत बसाल? थोडा वेळ. मग म्हणाल बिघडली, आणि निघून जाल. दुसरी हापशी अशी, की कधी दहा दांड्यांनी पाणी येतं, कधी पन्नास, कधी येतच नाही. ती तुम्ही सहज सोडाल का? नाही सोडणार. वाटत राहील, अजून थोडं मारलं की येईल. तुमच्या अंगणात त्याचं मारून घेणं म्हणजे ही दुसरी हापशी आहे. कित्येक वर्षांची. आणि इथला खांद्यावरचा हात म्हणजे पहिली. पहिल्यांदा पाणी आलं नाही, त्यासरशी त्याने ती सोडली आणि जुनीकडे गेला."

मी म्हटलं, "पण इथं तर विसरला होता ना तो?"

"विसरला नव्हता," त्या म्हणाल्या. "जुनं शिकलेलं पुसलं जात नाही. त्याच्या शेजारी आपण नवीन शिकवतो, एवढंच. आणि हे नवीन त्याला फक्त इथलं म्हणून माहीत आहे. इथली जागा, इथली माणसं, ही स्कूटी. अंगण दिसलं की अंगणातलं आठवणार." मग त्या म्हणाल्या, "मी त्याला इथे फार भरभरून दिलं. हळूहळू कमी करत नेऊन, वाट बघायला शिकवून मग पाठवायला हवं होतं. आणि शिकवायला आंजीलाच यायला हवं होतं."

त्या आल्या. उन्हाळाभर बऱ्याच रविवारी त्या बसने आंजीला आल्या. भाऊ आणि आई आता घरीच राहत होते. नवी रीत अशी ठरली: बाबांचा खांद्यावरचा पांढरा दुपट्टा गाडीच्या हँडलला बांधलेला असला, तर खांद्यावर हात ठेवायचा आणि चक्कर मिळणार. दुपट्टा नसला तर हात ठेवूनही नाही, मारूनही नाही. दुपट्टा बांधला जाईपर्यंत थांबायचं. सुरुवातीला दुपट्टा जवळजवळ सतत बांधलेला ठेवायचा, मग थोडा वेळ काढायचा, मग अजून थोडा. आणि मारायला लागला तर कुणी काही बोलायचं नाही, पण मधे हात घालून चेहरा वाचवायचा. नुसतं बघत उभं राहायचं नाही.

मधे हात घालायचं काम बाबांनी घेतलं. आईला त्यांनी करू दिलं नाही.

वैशाखातली एक दुपार मला अजून झोपेत दिसते. दुपट्टा काढलेला होता. भावाने बाबांच्या खांद्यावर हात ठेवला, बाबा म्हणाले, "आता नाई गा, मंग." त्याने मूठ उचलली. बाबांनी आपला तळवा त्याच्या गालाला लावून धरला आणि सगळे ठोसे त्या तळव्यावर घेऊ लागले. एकामागून एक. उन्हात दोघंही घामाने निथळत होते. भाऊ ओरडत होता, तोंडातून फेस येत होता. कुंपणापलीकडून कुणीतरी म्हणालं, "काऊन मारू देऊन राह्यले लेकराले? गाडीवर फिरवून आणाले का जाते?" बाबांनी तिकडे पाहिलंसुद्धा नाही. बराच वेळ झाल्यावर त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "एक डाव नेतो ना वं. एकच डाव. मी का दगड आहो?"

आई पुढे झाली. तिने गाडीची चावी काढली, आपल्या कमरेला खोचली आणि म्हणाली, "आता नेलं त आजवरचं सारं पाण्यात. मले त्याचा डोळा पाह्यजे."

बाबा खाली बसले, भावालाही ओढून खाली बसवलं, आणि तळवा तसाच ठेवला. शेवटी भाऊ थकला. त्याचं डोकं बाबांच्या मांडीवर कलंडलं. आईने थोडा वेळ जाऊ दिला, मग उठून दुपट्टा हँडलला बांधला. त्याने मान उचलून पाहिलं, बाबांच्या खांद्यावर हात ठेवला, आणि दोघं फाट्याकडे निघून गेले. दुसऱ्या दिवशी बाबांना उजव्या हाताने भेंडी तोडता येईना, बोटं सुजून मिटत नव्हती. आईने एकटीने तोडली.

पण त्यानंतर उतार पडत गेला. पावसाळा लागेपर्यंत तो दुपट्टा नसताना बाहेर बाजेवर बसून राहायला शिकला. सारखा हँडलकडे बघायचा, पायाने माती उकरायचा, कधी मूठ अर्धवट उचलायचा आणि खाली आणायचा. ती खाली येणारी मूठ पाहिली की मला श्वास घेता यायचा. त्याच्यासाठी घरी थांबलेले बाबा पुन्हा सकाळी वर्ध्याला जाऊ लागले. बाई म्हणाल्या, आता दुसऱ्या जागी, दुसऱ्या माणसांबरोबर, दुसऱ्या गाड्यांवर शिकवायला हवं. आम्ही हो म्हटलं. पण सोयाबीन, मग दिवाळी, मग माझ्या लॅबमधली कामं, यात ते राहूनच गेलं, आणि खरं सांगायचं तर घरात शांतता होती आणि तिला कुणाला हात लावावासा वाटत नव्हता.

तुळशीचं लग्न झाल्यावर आत्याच्या गावी, रोहण्याला, तिच्या मुलीचं लग्न होतं. बाबा नवरीचे मामा. भावाला नेऊ नये असं मी सुचवून पाहिलं, पण आत्याने फोनवर रडून सांगितलं, तो आला नाही तर मी मांडवात उभी राहणार नाही. आईने दुपट्टा पिशवीत घातला आणि आम्ही निघालो.

मांडवाबाहेर जिथे पाहावं तिथे गाड्या. सतत कुणीतरी येत होतं, कुणीतरी जात होतं, किक मारण्याचे आवाज. भाऊ सकाळभर आईचा पदर धरून ते पाहत होता. आम्ही बाबांच्या गाडीला दुपट्टा बांधून त्याला दोनदा फिरवून आणलं. ठीक चाललं होतं. मग नवरीला बोहल्यावर न्यायची वेळ झाली, मामाला हाका पडल्या, आणि बाबा गेले. भाऊ त्यांच्या मागे निघाला. गर्दीत त्याला ते दिसेनासे झाले. तो परत फिरला, आणि जवळच ज्या एका तरुणाने आपली गाडी सुरू केली होती त्याच्या खांद्यावर त्याने हात ठेवला. तो तरुण दचकला आणि हात झटकून निघून गेला. त्याला काय माहीत.

भावाने मारायला सुरुवात केली. बँड जोरात वाजत होता. आई एका हाताला लटकली, मी दुसऱ्या. बायका तोंडाला पदर लावून बघत होत्या. तेवढ्यात आत्याचे दीर आले. मोठा प्रेमळ माणूस, लहानपणी आम्हाला खांद्यावर बसवून जत्रेत फिरवलेला. त्यांनी भावाच्या ओठातून येणारं रक्त पाहिलं आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "काय हाल करून राह्यले वं याचे? गाडीच पाह्यजे ना त्याले? चाल बापा, माह्या गाडीवर चाल."

"काका, नका," मी ओरडले. "आत्ता नका नेऊ. थांबू द्या त्याला आधी." बँडमध्ये त्यांना ऐकू गेलं की नाही माहीत नाही. त्यांनी त्याला मागे बसवलं आणि नेलं.

थोड्या वेळाने परत आले. भाऊ हसत होता, शर्टावर रक्ताचे डाग. बायकांपैकी कुणीतरी म्हणालं, "पाहा बरं, एका चकरीत कसा शांत झाला." आई मांडवाच्या खांबाला धरून उभी होती. आत मंगलाष्टकं सुरू होती, आणि बाबा नवरीच्या मागे उभे होते. त्यांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

आंजीला परतल्यावर दुपट्ट्याचा उपयोग होईना. बांधलेला असला तरी मारायचा, नसला तरी मारायचा. दुपट्टा काय सांगतो यावरचा त्याचा विश्वासच उडाला होता. मी सुट्टीच्या दिवशी जायची, बाई जमेल तेव्हा यायच्या. पुन्हा बाबांचा तळवा, पुन्हा कुंपणाजवळची माणसं. थंडीच्या दिवसांत एका सकाळी आईने त्याच्यासमोर चहाचा कप ठेवला, आणि तो घ्यायला त्याने हात पुढे केला तो कपाच्या बाजूला पडला. दुसऱ्यांदाही तसंच झालं. आईने कप उजवीकडे सरकवला तेव्हा त्याने बरोबर उचलला. तिने मला फोन केला, पण काय झालं ते सांगेना. "तू येजो," एवढंच म्हणत राहिली.

डाव्या डोळ्याचा पडदा सुटला होता. उपचाराला उशीर झाला होता. त्या डोळ्याला आता उजेड आणि अंधार एवढंच कळतं, असं डॉक्टर म्हणाले. बाबा तेव्हा म्हणाले, "माहा हात कमी पडला."

पुढच्याच आठवड्यात रोहण्याहून आत्याचे दीर आले. त्यांना कुणीतरी कळवलं होतं. ते सपरीत बसले, चहा घेतला नाही, भावाकडे बघवेना म्हणून जमिनीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "मले कोणी सांगतलं नवतं गा."

बाबा म्हणाले, "मलेही एवढे वर्षं कोणी सांगतलं नवतं."

"आता का करू सांगा."

मी बाईंना फोन लावून दिला. त्यांनी जे सांगितलं ते काकांनी दोनदा म्हणून घेतलं, पाठ झालं की नाही बघायला. आणि त्या दिवसापासून ते दर पंधरवड्याला आपली गाडी घेऊन आंजीला येऊ लागले. त्यांच्या गाडीच्या हँडलला तसाच दुपट्टा. भाऊ शांत असला आणि हात ठेवला तरच चक्कर, नाहीतर ते कडुनिंबाखाली उकिडवे बसून राहायचे, तास जावो की दीड तास. मग आम्ही रोहण्याला जाऊन त्यांच्या अंगणात तेच केलं. मग बसस्टँडच्या बाहेर. मग सावंगीत, पण आता दर वेळी चक्कर न देता, वाट बघायला लावून. गावातल्या माणसांना बाबांनी स्वतः घरोघर जाऊन सांगितलं, तो मारायला लागला तर दया करू नका. बाबांना असं लोकांच्या दारात जाऊन बोलताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

मी बाईंना एकदा विचारलं, कायमचं कधी थांबेल? त्यांनी खोटं सांगितलं नाही. "नवीन जागा आली, माणूस बदलला, आजारपण आलं, की परत येऊ शकतं. आलं म्हणजे सगळं बुडालं असं समजू नका. प्रत्येक वेळी ते थोडं लवकर जावं, एवढं आपण बघायचं."

ते मला पटतं. पण बाबांचं वय होत चाललंय. त्यांच्या उजव्या हाताच्या दोन बोटांत अजून पूर्ण ताकद नाही. उद्या त्यांना गाडी चालवता आली नाही तर ती भावासाठी सगळ्यात नवी जागा असेल, आणि तिची तालीम आम्ही कशी करणार? मी हे घरात बोलून दाखवत नाही. आई बोलते. कांदा चिरता चिरता मधेच म्हणते, "आमच्या मागून कोणाच्या खांद्यावर हात ठेवीन हा?" मी म्हणते, माझ्या. ती कांदा चिरत राहते. माझ्या लग्नाचा विषय तिने हल्ली काढणं बंद केलंय, आणि ते मला बरं वाटतं की वाईट, हे मी अजून ठरवलेलं नाही.

गेल्या महिन्यात मी एका सोमवारी लॅबमधून फोन केला तेव्हा कळलं, की आदल्या दिवशी आई भावाला घेऊन बाजारात बसायला गेली होती. कुणालाही न विचारता. बाबांना ताप होता म्हणून माल तिलाच न्यावा लागला, आणि भावाला कुणाजवळ ठेवणार. बाजार म्हणजे गर्दी, गाड्या, भोंगे, आणि आम्ही ती जागा अजून तालमीत घेतलीच नव्हती.

"मारलं का त्याने?" मी विचारलं.

"मारलं ना. एक गाडीवाला अगदी जवळून गेला तवा मारलं."

"मग तू काय केलंस?"

"एका हातानं त्याचा गाल धरला, दुसऱ्या हातानं तराजू. गिऱ्हाईक पाहून राह्यले होते. मी म्हटलं, पाहू नका, वांगे पाहा."

"मग?"

"मंग थांबला."

"किती वेळाने?"

"मी का घड्याळ पाहत बसली होती?" ती म्हणाली. मागे भावाचा आवाज येत होता, तो जेवताना काढतो तसला. "सांभार सारा गेला. गवार थोडीशी वापस आणली. तू कवा येतं?"